तिळाला केस फुटला

माझ्या हनुवटीवर तीळ नाही. कधीच नव्हता. तरी आर्णीतल्या आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, या घरच्या सुनेला हनुवटीवर उजवीकडे तीळ आहे म्हणून शपथेवर सांगतील. मी समोर उभी राहिले तरी सांगतील. लोक माणसाकडे बघत नाहीत, त्याच्याबद्दल जे ऐकलेलं असतं तेच बघतात, असं माझं जुनं मत आहे. हे मत व्हायला माझा धाकटा भाऊ कारणीभूत आहे.

भावाचा घाटंजीला फोटो स्टुडिओ होता, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या अगदी समोर. कापसाची वाईट वर्षं होती ती. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात पाहुण्यांपेक्षा कॅमेरे जास्त येत. मुंबईचे, दिल्लीचे, परदेशातले. ज्याला त्याला कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीजवळ उभा असलेला उदास माणूस पाहिजे असे. लोकांनाही इतका सराव झाला होता की पानठेल्यावर खिदळणारी माणसं गळ्यात कॅमेरा लटकवलेला कोणी दिसला की आपोआप गप्प होऊन जमिनीकडे बघू लागत. तो गेला की राहिलेला विनोद पूर्ण करत. असाच एक पेपरवाला परत जाताना आपला जुना डिजिटल कॅमेरा माझ्या भावाला विकून गेला.

तोवर हा रोलवर काम करायचा. या कॅमेऱ्याची लेन्स काढता येते आणि दुसरी बसवता येते, हे कळल्यावर त्याला वेडच लागलं. लेन्स दोनच, पण दिवसभर काढघाल चालू. तीही आत बसून नाही, स्टुडिओच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. समोरच्या जिनिंगमधून कापसाचे तंतू आणि धूळ उडत असे, दुपारी रस्त्यावर धुकं उतरल्यासारखं वाटे. अशा वेळी कॅमेरा आ वासून याच्या हातात, आणि हा चहावाल्याशी गप्पा मारतोय. त्या तोंडात काय काय गेलं असेल ते जिनिंगलाच ठाऊक.

फोटो काढण्याची त्याची तऱ्हा मात्र एकच. माणूस मधोमध, चेहरा ठरलेल्या जागी. "हनुवटी वर. अजून वर. बस." नवरदेव असो, बारशाची आई असो की पासपोर्टवाला, सगळ्यांना तेच. घाटंजीतल्या निम्म्या घरांत भिंतीवरची माणसं अजून पंख्याकडे बघत आहेत.

माझी तेव्हा लग्नाची वेळ होऊन, उलटून, पुन्हा व्हायची वेळ आली होती. बघायला माणसं येत, पोहे खात, चहा घेत, "स्वयंपाक येतो का?" विचारत. एकाला मी "तुम्हाला भूक लागते का?" असं उलट विचारलं, तेव्हापासून आई माझ्या शेजारी चिमटा काढायच्या तयारीने बसायची. उठताना सगळे एकच म्हणत, "घरी जाऊन कळवतो." कळवतो म्हणजे नाही. ज्याला खरंच काही कळवायचं असतं तो तिथेच कळवतो. आमच्या घरात तो शब्द इतका मुरला होता की आई भाजीवाल्यालासुद्धा "उद्या कळवते" म्हणायची, आणि तो बिचारा समजून पुढे जायचा.

होळी झाली आणि आर्णीच्या आत्याने तिच्या शेजारचं एक स्थळ सुचवलं. मुलगा वीज मंडळाच्या ऑफिसात, घरी आई आणि एक काका. भावाने मला अंगणात भर उन्हात उभं केलं, हनुवटी वर करायला लावली, आणि तो फोटो आर्णीला गेला.

आठवड्याने आत्या एस.टी.तून उतरली ती धापा टाकतच. हातात मुलाचा फोटो.

"पसंत हाये!" ती आईला म्हणाली. "मुलाच्या आईनं तं फोटो पाह्यल्याबरोबर म्हटलं, पोरीच्या हनुवटीवर तीळ हाये, अशी सून आली का घर भरते."

"कोणता तीळ?" मी म्हणाले.

फोटोची दुसरी प्रत काढून बघितली. होता. उजवीकडे, मोहरीएवढा, काळा. मी हनुवटीवर हात फिरवून बघितला, आरशातही बघून आले. आई मात्र मुलाच्या फोटोला डोळे लावून बसली होती.

"मायबाई! याच्याबी हनुवटीवर हाये! तिथंच!" ती ओरडली. "गाठ वरूनच बांधून आली व बाई. सांगजो त्यायले, आमच्या मनात होतं तं हेच."

कोणी काही विचार करायच्या आत आत्या हा निरोप घेऊन परतीच्या गाडीत बसलीसुद्धा.

मग मी मुलाचा फोटो हातात घेतला. हनुवटी वर होती, पण डोळे आभाळाकडे नव्हते. ते कॅमेऱ्याच्या थोडं वर कशाकडे तरी बघत होते आणि ओठ गच्च मिटलेले होते. हा माणूस हसू दाबत होता. आमच्या जिल्ह्यात त्या दिवसांत कॅमेऱ्यापुढे उदास होणारी माणसं पुष्कळ बघितली होती, हसू दाबणारा मी पहिल्यांदा बघत होते. मला हे स्थळ हवं होतं. उगाच आढेवेढे घेत नाही, हवं होतं. हा कशावर हसतोय, ते मला त्याला विचारायचं होतं.

बाबा तहसीलमधून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ही फसवणूक आहे. बिनतिळाचा नवा फोटो काढा आणि शुद्धिपत्रक म्हणून पाठवून द्या."

भावाने अंगणातल्या चुन्याच्या भिंतीचा फोटो काढला. भिंतीला तीळ. आभाळाचा काढला. आभाळाला तीळ. शेजारच्या पांढऱ्या बकरीचा काढला, तिच्या पोटावर तीळ. सायबर कॅफेत जाऊन आला आणि डॉक्टरसारखं तोंड करून म्हणाला, "ताई, सेन्सरवर धूळ बसली. रोलच्या जागी आत जी काच असते नं, तिच्यावर. उन्हात दिसते, सावलीत नाही दिसत."

"मग पूस."

"पुसता येत नाही ना! हात लागला तर कॅमेरा गेला. नागपूरला न्यावा लागेल."

पण आर्णीचे लोक परवा येणार होते. त्याआधी शुद्धिपत्रक निघायला हवं होतं. तेव्हा शस्त्रक्रिया घरीच करायची ठरली.

साफ करताना आतला आरसा उचलून धरावा लागतो आणि तो कॅमेरा बॅटरीच्या जोरावर धरून ठेवतो. बॅटरी अर्ध्यात संपली तर आरसा धाडकन खाली येतो. म्हणून बॅटरी पूर्ण भरलेली पाहिजे. आणि त्या वर्षी आमच्याकडे लाईट असण्यापेक्षा नसायचीच जास्त.

"जवायालेच फोन कर नं," आई म्हणाली. "म्हणा, जराशी लाईट सोडा. तुमच्याच कामाची हाये."

बॅटरी कशीबशी भरली. लाईट नसल्यामुळे उजेडासाठी समोरच्या खोलीच्या खिडकीत बसावं लागलं. त्या खोलीची गोष्ट अशी की तिथे मामाचा कापूस होता. भाव वाढेल म्हणून त्याने विकला नव्हता. त्याचं गावाकडचं घर कापसाने भरलं तेव्हा उरलेला टेम्पोत घालून आमच्याकडे आणून टाकला होता. ढीग खिडकीच्या गजांपर्यंत आलेला. दार उघडलं की वरून थोडा घरंगळायचा. कॅमेऱ्यातला एक धूळकण काढायला आम्ही सगळे त्या ढिगाला टेकून बसलो, आणि ते कोणालाही विचित्र वाटलं नाही.

आधी शेजारचे पंक्चरवाले चाचा पंप घेऊन आले. "हवा के आगे कुछ नहीं टिकता, भैया," ते म्हणाले आणि पंपाला फुटबॉलची सुई लावून त्यांनी जोर केला. पंपाच्या पोटात किती वर्षांची माती होती कोण जाणे, पहिल्या दणक्याला ती बाहेर आली. भाऊ किंचाळला. चाचांनी समजूत घातली, "पुराना निकला, तो नया भी निकलेगा."

मग आई पुढे झाली. आईच्या फुलवाती प्रसिद्ध होत्या. खाली बोंड आणि वर सुईसारखं टोक. एक वात वळून तिचं टोक उजेडात धरत ती म्हणाली, "देवापुढं चालते, तं कॅमेऱ्यात काहून नाही चालणार?" भावाने डोळे मिटून घेतले होते, म्हणून तिनेच वात आत घातली, निरांजनात ठेवतात तशी हळूच, आणि काजळी झटकल्यासारखी एकदा फिरवली. वात बाहेर आली. आरसा खाली आला. मी अंगणात जाऊन उभी राहिले, हनुवटी वर केली.

नवा फोटो सगळ्यांनी वाकून बघितला. तीळ होता तिथेच होता. वर त्यातून एक लांब, वाकडा केस निघाला होता.

"तिळाला केस फुटला," बाबा म्हणाले. त्यांनी शुद्धिपत्रकाचा विषय पुन्हा काढला नाही.

"केसाचा तीळ तं आणखी भाग्याचा असते," आई म्हणाली, आणि काजळाची डबी घेऊन आली.

मी आधी नाही म्हणाले. मग चिडले, भावाला बोलले, कॅमेऱ्याला बोलले, चाचांच्या पंपालासुद्धा बोलले. मला लाज वाटत होती. पण कळवतो म्हणणाऱ्या इतक्या लोकांपुढे मी खरीखुरी जाऊन बसले होते, त्याचं काय झालं होतं? त्या दाबलेल्या हसण्यासाठी एक दुपार खोटी होऊ, असं मी मनाशी म्हटलं आणि हनुवटी वर केली. आईने उदबत्तीच्या काडीने ठिपका दिला.

पाहुणे आले ते ऐन दुपारी. मुलगा, त्याची आई, कमी ऐकू येणारे काका आणि आत्या. कापसावर आईने चादर टाकली होती आणि खुर्च्या त्याला टेकवून मांडल्या होत्या. मी पोहे घेऊन आले. मुलाच्या हनुवटीवर तीळ होता. बरं वाटलं. निदान एकाचा तरी खरा आहे.

पंखा थांबला. सगळ्यांनी मुलाकडे बघितलं.

"इथली वेळ दुपारचीच हाये," तो ओशाळून म्हणाला, आणि बाबांनी अर्ज नामंजूर करावा तशी मान हलवली.

घरात साठवलेला कापूस उन्हाळ्यात अंगाला खाजतो. आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं, पण पाहुण्यांना त्याला टेकवून बसवताना आईला ते आठवलं नाही. आधी काका पाठ खाजवू लागले. मग आत्या. मग माझी मान सुरू झाली. घामाच्या धारा, हातात ट्रे, खाजवता येईना. मी पदराच्या टोकाने गाल पुसल्यासारखं केलं. मुलानेही रुमाल काढून तोंड पुसलं.

मुलाची आई माझ्याकडे टक लावून बघत होती. "पोरी," ती सावकाश म्हणाली, "तुह्या तीळ पदराले लागला."

"अन् तुमच्या लेकाचा कानापाशी गेला," माझी आई म्हणाली.

खरंच गेला होता. हनुवटीपासून कानापर्यंत काळी रेघ. मुलाने रुमालाकडे बघितलं, मी पदराकडे. आईने चिमटा काढला, पण तो कोणाला काढायचा होता ते अजून कळलेलं नाही, कारण ओरडली आत्या.

झालं होतं ते असं. आपल्या पोराला तीळ नाही हे त्याच्या आईला माहीत होतंच. फोटोवरचा डाग तिला छपाईचा वाटला होता. पण मुलीकडच्यांना मुलाचा तीळ आवडला, असा निरोप आत्याने आणला. तीळवाली सून हातची जाऊ नये म्हणून बाईंनी एस.टी.त बसण्याआधी पोराला काजळ लावलं. दोन्ही घरांना आपला तीळ खोटा आणि समोरच्याचा खरा वाटत होता.

"धूळ आहे," बाबा उभं राहून म्हणाले, साक्ष द्यावी तसे.

"सेन्सर," भाऊ घाईघाईने म्हणाला. "सेन्सर खराब झाला होता, म्हणून."

काकांच्या हातातली बशी खाली आली. "कॅन्सर? एवढ्या लहान वयात? अन् हे आमाले आता सांगून राह्यले?"

"तिले नाही, कॅमेऱ्याले!" आत्या त्यांच्या कानात ओरडली.

"कॅमेऱ्याले कॅन्सर?" काका विचारात पडले. मग मान हलवत म्हणाले, "फवारणीनं झाला असन. लय जहर मारतेत आता कापसावर."

"पण एकाचा फोटो घाटंजीचा, एकाचा आर्णीचा," मुलाची आई म्हणाली. "दोघायवर धूळ कशी?"

मुलगा माझ्या भावाकडे बघत होता. "माह्या फोटो तुमीच काढला नं? चुलतभावाच्या लग्नात?"

भाऊ आर्णीला लग्नाचं काम घेऊन गेला होता खरा. त्याने शेकडो हनुवट्या वर केल्या होत्या, ही कुठली त्याला आठवायला. पण माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि तोंडून निघूनच गेलं. त्या माणसाशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"तुम्ही हसत कशावर होता?"

तो दचकला. मग पुन्हा तेच झालं, ओठ गच्च मिटले. "यायच्या डोक्यावर कापसाचा एवढा मोठा पुंजका बसला होता," तो म्हणाला. "अन् हे मले रागावून म्हणत होते, हनुवटी वर."

सगळ्यांनी भावाच्या डोक्याकडे बघितलं. आत्ताही होता. मग मात्र मला हसू आवरेना, त्यालाही आवरेना. दोन्ही आया गंभीर बसल्या होत्या आणि आम्ही दोघं काळ्या रेघांसकट हसत होतो.

"मले दाखव," मुलाची आई भावाला म्हणाली. "धूळ हाये तं दाखव."

सगळे अंगणात आले. भावाने भिंतीचा फोटो काढून दाखवला. तिला पटेना. तेव्हा तो म्हणाला, "तुम्हीच उभ्या राहा. हनुवटी वर. अजून वर. बस."

कॅमेऱ्याच्या पाठीवरची, फोटो दिसतो ती काडेपेटीएवढी काच तिने दोन्ही हातांनी धरली. डोक्यावरच्या पदराने सावली केली. बराच वेळ बघत राहिली. तिच्या हनुवटीवर उजवीकडे तीळ होता, वर केससुद्धा.

"माह्या सासूले होता असा," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, कळलं नाही. "मी लग्न होऊन आली अन् त्याच साली आमच्या कापसाले आग लागली. मले जन्मभर पांढऱ्या पायाची म्हटलं तिनं. म्हणे, तीळवाली असती तं असं झालं नसतं." तिने बोटाने त्या काचेवरचा ठिपका हळूच पुसून बघितला. तो गेला नाही. "मलेबी आला तीळ, पाह्य."

काका पाठ खाजवत होते ते थांबले. त्यांनाही बहुतेक ऐकू आलं असावं.

आई माझ्या शेजारी उभी होती. पाहुणे आता निघताना काय म्हणतील ते आम्हा दोघींना पाठ होतं. मी तो शब्द ऐकायला तयार होऊन उभी राहिले. पायात चप्पल नव्हती, फरशी पोळत होती, तरी हलले नाही.

"कळवायचं-बिळवायचं काही नाही," मुलाची आई म्हणाली. "धूळ तं धूळ. पण दोघायच्या एकाच जागी बसली नं? या जिल्ह्यात एवढी धूळ हाये, तिले दुसरी जागा नव्हती काय?" मग भावाकडे वळून तिने अट घातली. "लग्न होईस्तोर कॅमेरा साफ करू नोको. अन् माह्या या फोटोची मोठी कापी पाहिजे मले."

लग्न झालं. अल्बम अजून आहे. त्यात भटजींच्या पोटावर, बँडवाल्याच्या पिपाणीवर, आहेराच्या कुकरवर, सगळीकडे तो केसाळ तीळ आहे. आमच्या दोघांच्या फोटोत तो नेमका दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत आला. नंतर भावाने कॅमेरा नागपूरला नेला. तिथल्या माणसाने चहा येईपर्यंत साफ करून दिला आणि म्हणाला, आत वातीचा तुकडा होता.

सासूबाईंनी आपला फोटो फ्रेम करून घेतला होता. पाहुण्यांना दाखवायच्या, आणि माझाही तीळ सांगायच्या, तसाच आहे म्हणून. मी समोर असले तरी. सुरुवातीला मी तोंड उघडायची, मग सोडून दिलं. आता त्या नाहीत. तोच फोटो देवघराशेजारी लावला आहे, हार घालून.

परवा दिवाळीची साफसफाई काढली. फोटो उतरवून काच पुसली. सगळं निघालं, एक ठिपका निघेना. फडका ओला केला, घासलं, शेवटी नखाने खरवडायला लागले. मागे नवरा उभा होता. त्याने माझा हात धरला.

"अवं, राहू दे," तो म्हणाला. "तो तिचा हाये."